लेखक अज्ञात, पण हयात

एका श्रावणात माझा एक लेख मलाच फॉरवर्ड होऊन आला. पाठवणारी सांगलीची शालूमावशी. वर तिची स्वतःची एक ओळ होती: "बाळू, सवडीने वाच. लिहावं तर असं."

दुसऱ्या ओळीला मला संशय आला, चौथ्या ओळीला खात्री पटली. भाजीवालीच्या हातगाडीवर कांद्यांच्या ढिगात रोवून ठेवलेला तो बोलका डबा, पैसे जमा झाले की चौकभर ऐकू जाईल असा ओरडणारा. त्याच्यामुळे मी दहा रुपयांचीच कोथिंबीर घेतली हे अख्ख्या डोंबिवलीला कसं कळलं, यावर मी तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात लिहिलं होतं. तोच हा लेख. स्वल्पविराम तेच. मुद्रितशोधकाच्या हातून निसटलेली 'कोंथिबीर'ही तीच. फक्त खाली जिथे माझं नाव असायला हवं तिथे जोडलेल्या हातांच्या तीन जोड्या होत्या, आणि त्यांच्याखाली लिहिलं होतं, 'पु. ल. देशपांडे यांच्या अप्रकाशित लेखनातून.'

अशा वेळी माणसाला आधी राग येतो असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. आधी छाती दोन इंच फुगते. राग त्यानंतर, साधारण चहा निवल्यावर.

चहा निवल्यावर मी फोन लावला.

"मावशी, तो लेख माझा आहे."

"कुठला रे?"

"सकाळी पाठवलास तो. डब्याचा."

"छे! तो पु.लं.चा आहे. खाली लिहिलंय बघ."

"अगं, पु. ल. गेले २००० साली. त्या डब्यात पैसे ज्या यूपीआयने येतात ते सुरूच झालं २०१६ साली."

मावशी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तेच तर. मोठी माणसं काळाच्या पुढे असतात."

"मी तुला तेव्हा अंकसुद्धा पाठवला होता."

"हो हो, आहे ना. फ्रिजवर आहे. वाचायचाय."

बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. ताळा चुकला की झोप येत नाही. माझं नाव नेमकं कुठल्या खात्यातून वजा झालं याचा मी पुढचे आठ दिवस माग काढला. मावशीला लेख आला होता भिशीच्या ग्रुपवरून. भिशीला आला योगवर्गातून. योगवर्गातल्या एका बाईंना नाशिकच्या भाचेसुनेने पाठवलेला, आणि भाचेसुनेला तो तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर मिळालेला. तिथे वाट संपली. पण हाती लागलेल्या प्रती मी एकापुढे एक मांडल्या तेव्हा नाव गळण्याचं सगळं शास्त्रच उलगडलं. नाशिकच्या प्रतीत लेखाखाली लिहिलं होतं 'साभार'. योगवर्गाच्या प्रतीत 'लेखक अज्ञात'. भिशीच्या प्रतीत 'बहुतेक पु. ल.'. मावशीने फक्त 'बहुतेक' काढलं.

"का काढलंस?"

"बरं दिसत नव्हतं."

"आणि 'अप्रकाशित' हे कुठून आलं?"

"ते मी घातलं," मावशी म्हणाली. "पु.लं.चं सगळं मी वाचलंय. हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणजे अप्रकाशितच असणार ना?"

हा युक्तिवाद मी अजून तोडू शकलेलो नाही. संशोधन-संस्थांमधून यापेक्षा कच्च्या पायावर पीएचड्या उभ्या राहिलेल्या आहेत.

त्या 'साभार'बद्दल मात्र थोडं बोललं पाहिजे. माझ्या पिढीच्या लेखकाला हा शब्द नेहमी जोडीने भेटायचा: 'साभार परत'. पोस्टमनने आपणच पत्ता लिहिलेलं पाकीट आपल्याच हातात ठेवलं की आत काय आहे ते न उघडता कळायचं. आता काळ पालटला. लेख साभार जातो आणि परत येत नाही. आभार कोणाचे, हेही कळत नाही. जत्रेत गर्दीकडे बघून हात जोडावेत तसे ते जोडलेले असतात. ज्याला लागतील त्याला लागोत.

बेवारस लेख फार दिवस बेवारस राहत नाही. त्याला चांगलं घर मिळतं. विनोदी असेल तर तो पु.लं.कडे दत्तक जातो. नवराबायको, पाऊस आणि एकटेपणा असेल तर व. पु. काळे यांच्याकडे. चार वाक्यांत चौघांना झापलेलं असेल तर नाना पाटेकर. सकाळी लवकर उठण्याबद्दल असेल तर रतन टाटा, शत्रूबद्दल असेल तर चाणक्य, आणि ज्यात 'शास्त्रज्ञही चकित झाले' असं वाक्य आहे ते सगळं नासा. नासाने हळदीपासून तुळशीपर्यंत इतक्या गोष्टींवर शिक्कामोर्तब करून ठेवलंय की त्यांना रॉकेट सोडायला वेळ कधी मिळतो याचंच नवल वाटतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, इंटरनेटवर हे चालायचंच. चोरी काय, पूर्वीपासून आहे." पूर्वीपासून आहे, पण ती वेगळी. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' ज्यांनी पाहिलाय त्यांना सालोमालो आठवत असेल. तुकोबांचे अभंग उचलायचे, शेवटी तुकोबांच्या जागी स्वतःचं नाव घालायचं आणि भक्तांकडून पाया पडून घ्यायचं हा त्याचा उद्योग. मराठीतला हा आद्य कॉपी-पेस्टवाला. लहानपणी मला त्याचा भयंकर राग यायचा. आता वय झाल्यावर त्याच्याबद्दल थोडा आदर वाटू लागलाय. त्या माणसाला निदान अभंग आपल्या नावावर हवासा वाटला होता! त्याला मिरवायचं होतं. चोराला मालाची किंमत कळते, हाही मालकाचा एक सन्मानच असतो. आमचा फॉरवर्ड करणारा बघा. त्याला काहीच नको. पैसा नको, नाव नको, तो लेख त्याने पुरता वाचलेला असतो असंही नाही. तो माझ्याकडून घेतो आणि ज्यांच्याकडे मुळातच ढिगाने आहे त्या पु.लं.च्या पदरात टाकून हात झटकून मोकळा होतो. अशा निरिच्छ माणसावर रागवायचं कसं?

संतमंडळी मात्र हुशार. नाव त्यांनी लेखाच्या खाली ठेवलंच नाही. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' हे शेवटच्या चरणाच्या छंदातच असं ओवून टाकलं की ते उपटलं तर चरण लंगडा होतो. सालोमालोलाही ते नुसतं पुसता आलं नाही, तिथे मापात बसेल असं दुसरं नाव शोधावं लागलं. आजची पोरं ज्याला वॉटरमार्क म्हणतात तो हाच, पण कात्रीला दाद न देणारा. मीही एकदा प्रयोग केला. पुढच्या लेखात तीन ठिकाणी 'बाळू म्हणे' घातलं. संपादकांचा फोन आला, "हा बाळू कोण? त्याचा पुढे काही उल्लेखच नाही." तिन्ही ठिकाणचा बाळू काढण्यात आला.

उलट दिशेची चोरीही आपल्याकडे जुनीच. आपलं दुसऱ्याच्या नावावर खपवायचं. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती गावोगाव फिरत होत्या. लिहून घेणाऱ्याला मध्येच काव्य स्फुरलं की तो आपल्या दोन ओव्या त्यात सरकवून द्यायचा. फॉरवर्ड करताना आपलंही काही जोडावंसं वाटणं हा विकार मोबाइलपेक्षा जुना आहे. शेवटी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शेवटी बजावून ठेवलं की यापुढे कुणी यात स्वतःची ओवी घालू नये. असं करणाऱ्याची तुलना त्यांनी अमृताच्या ताटात करवंटी ठेवणाऱ्याशी केली. 'सर्व हक्क राखून ठेवले आहेत' हे वाक्य मी हजार पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर पाहिलंय, पण करवंटीइतका वचक त्याला नाही. आणि गंमत पाहा, नाथांनी ताकीद दिली ती स्वतःच्या हक्कासाठी नव्हे. तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माणसासाठी. आपल्या इथे इतकी काळजी फक्त वडिलोपार्जित जमिनीची घेतात.

कायद्याचंही मी बघितलं. ताळ्याची खोड. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि योगायोगाने त्यातलं ५७ वं कलमच माझ्या कामाचं निघालं. लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलंय' असं म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, असं ते कलम म्हणतं. मला गलबलून आलं. ज्याच्या लेखाचे हक्क विकत घ्यायला आजवर कोणी फिरकलं नाही, त्याचाही विचार सरकारने करून ठेवला होता. पुढे २२ वं कलम: लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं हक्क अबाधित. पूर्वी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, १९९१ अखेर त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं व्हायची वेळ आली, तेव्हा १९९२ मध्ये कायद्याने दहा वर्षं वाढवून दिली. एका कवीसाठी अख्ख्या देशाचं घड्याळ थांबलं. साने गुरुजींची मुदत २०१० अखेर संपली, आता 'श्यामची आई' कोणीही छापावी. पु.लं.ची संपेल २०६० च्या ३१ डिसेंबरला.

मी हे सगळं मावशीला समजावून सांगितलं. ती नीट ऐकत होती, मध्ये कुकरची शिट्टीही तिने थांबवली.

"म्हणजे तू गेल्यावर साठ वर्षांनी मी ते पाठवू शकते?"

"हो."

"थांबते मग," मावशी म्हणाली. तिचं वय शहात्तर.

एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली. निनावी लिखाणाची मुदत मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रकाशनापासून साठ वर्षं मोजतात. म्हणजे मला 'अज्ञात' करून योगवर्गाने माझ्या नातवंडांचं नेमकं किती वर्षांचं उत्पन्न बुडवलं याचा हिशोब निघू शकतो. मी तो काढला. शून्याला कितीही वर्षांनी गुणलं तरी ताळा जुळतो.

तंत्रज्ञानाच्या बातम्या मी रोज वाचतो, म्हणजे वाचायचा प्रयत्न करतो. 'तुमच्या फोनमध्ये हे ॲप असेल तर आत्ताच्या आत्ता काढून टाका!' असा मथळा असतो. ॲपचं नाव सतराव्या परिच्छेदात सांगतात, तोवर घातक ॲपने काय करायचं ते करून घेतलेलं असतं. पण अशाच एका बातमीने मला दचकवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आपलं नाव, चेहरा, आवाज कोणी परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरू नये, अशी त्यांची मागणी. ती रास्तच, कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाच्याही तोंडी काहीही घालायचे दिवस आहेत. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. त्या संरक्षित मालमत्तेत त्यांचा एक पेटंट उद्गारही होता: झकास.

झकास! अहो, हा शब्द आमच्या आळीतला! बंडू न्हाव्याने केस कापून मागे आरसा धरला की आजोबा जो म्हणायचे तो. मिसळीची तर्री जमली की आपोआप तोंडातून निघतो तो. पुढच्या वर्षी मे महिन्यात जॅकी श्रॉफ त्याच न्यायालयाच्या पायऱ्या चढले. त्यांच्या यादीत 'जग्गूदादा'च्या बरोबरीने होता 'भिडू'. विटीदांडूपासून कबड्डीपर्यंत आम्ही सगळे एकमेकांचे भिडू होतो. एकाने तरी सातबारा करून घेतला होता का? नीट वाचल्यावर कळलं की मनाई फक्त त्यांच्या नावलौकिकावर आपला धंदा करणाऱ्यांना आहे. तुम्ही-मी मिसळीला खुशाल झकास म्हणावं. तरीही मी काही दिवस जरा जपून 'उत्तम' म्हणत होतो. मिसळवाल्याने विचारलं, "साहेब, आज काही कमी झालंय का?"

मला त्या दोघांचा हेवा वाटला. एका शब्दावर सही उमटवायची म्हणजे तो पडद्यावर किती वेळा आणि किती जीव लावून म्हणावा लागत असेल! मी अकराशे शब्द लिहिले, त्यातल्या एकावरही माझी सही दिसली नाही. आणि त्यांना वकील मिळाला. वकील तर माकडालाही मिळतो. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर २०११ मध्ये डेव्हिड स्लेटर या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याची कळ एका माकडाने दाबली. दात काढून हसणारा त्याचा तो फोटो जगभर गेला. २०१५ मध्ये पेटा या संस्थेने माकडाच्या वतीने अमेरिकेत दावा ठोकला की फोटोचा हक्क माकडाचा. माकडाचं नावसुद्धा ठेवलं, नारुतो. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं की कॉपीराइटचा दावा माकडाला लावता येत नाही. पण मधल्या काळात स्लेटर यांनी त्या फोटोच्या पुढच्या कमाईतला चौथा हिस्सा माकडांच्या भल्यासाठी द्यायचं कबूलही केलं होतं. मला पंचवीस टक्के नकोत. जोडलेल्या हातांच्या त्या तीन जोड्या काढून तिथे नाव घातलं तरी चालेल.

आपल्या कायद्यात मायाही आहे, हे मात्र मान्य करायला हवं. कलम ५२ मध्ये कशाकशाला उल्लंघन म्हणायचं नाही याची लांबलचक यादी आहे. त्यात धार्मिक समारंभात वाजवलेली गाणी येतात, आणि धार्मिक समारंभ म्हणजे काय हे समजावताना कायदा लग्नाच्या मिरवणुकीचं नाव घेतो. वरात! संसदेत बसून मसुदा लिहिणाऱ्या कोणाला तरी घोड्यावरचा नवरदेव, बेंजो आणि पुढे नाचणारा तो एक काका दिसला असणार, त्याशिवाय हे सुचणार नाही. हॉलमधल्या डीजेला परवाना लागतो की नाही यावर मात्र रीतसर भांडणं झाली. गोवा सरकारने लग्नांना मोकळीक असल्याचं परिपत्रक २०२४ च्या जानेवारीत काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच ऑगस्टमध्ये रद्द केलं. वरातीला कायदा माफ करतो एवढं खरं. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी करत नाहीत, पण तो वेगळा विषय.

ही मोकळीक यंत्राला कोणी सांगितलेली नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ सेक्रेटरींनी हौसेने एके ठिकाणी चढवला. दोन तासांत मेल आलं: या व्हिडिओतलं संगीत अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. सेक्रेटरी घाबरून माझ्याकडे आले, कारण मी 'कॉपीराइटचं बघतो' असं तोवर पसरलं होतं. मी व्हिडिओ ऐकला. चाळीस माणसं चाळीस पट्ट्यांत आरती म्हणत होती, झांज एका कडव्याने पुढे होती, आणि मध्ये कोणीतरी प्रसादाची परात कुठे आहे असं विचारत होतं. यातलं नेमकं काय कंपनीच्या मालकीचं होतं? आरती रामदासांची, सतराव्या शतकातली. त्यांनी शेवटच्या कडव्यात नाव ओवलंय, तेही यंत्राला वाचता आलं नाही. पण ज्या रेकॉर्डशी आमचा आवाज जुळला असं यंत्राला वाटलं, ती रेकॉर्ड माझ्या ओळखीची आहे. तिच्यावरच्या गायिकेशी आमच्या इमारतीचा आवाज जुळतो हे प्रशस्तिपत्रक समजून सेक्रेटरींनी ते मेल नोटिस बोर्डावर लावलं.

आमचं नशीब तरी बरं. ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराने यूट्यूबवर दहा तासांची नुसती खरखर टाकली होती. आपल्या जुन्या टीव्हीला दूरदर्शन बंद झाल्यावर मुंग्या यायच्या ना, तसला आवाज, दहा तास. २०१८ च्या जानेवारीत त्याने जाहीर केलं की त्या खरखरीवर मालकीचे पाच दावे आले आहेत. मुंग्यांवर पाच दावे, आणि माझ्या डब्याला एक मालक मिळत नाही.

अशा सगळ्या धामधुमीत आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर, जिथे माझा लेख पु.लं.च्या नावाने चार वेळा येऊन गेला होता, २०२४ च्या सप्टेंबरात एके सकाळी गंभीर वातावरण पसरलं. 'मेटा एआयला माझे फोटो, माझे लेखन वापरण्याची मी परवानगी देत नाही. माझी परवानगी नसताना काहीही वापरल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' पाठवणारी, अर्थातच, मावशी. त्याच दिवशी जगभर लाखो माणसांनी असं काहीतरी चिकटवलं होतं. या जाहीरनाम्याचा पणजोबा २०१२ पासून फेसबुकवर हिंडतोय. त्याच्या काही आवृत्त्यांत रोम कायद्याचा आधार दिलेला असायचा. रोमचा तो करार १९९८ चा, नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांबद्दलचा, आणि भारताने त्यावर सहीही केलेली नाही. म्हणजे मावशीच्या हळदीकुंकवाचा फोटो कोणी ढापला तर खटला हेगला चालणार! जाहीरनाम्याखाली सूचना होती: 'हा मजकूर शेअर करू नका, कॉपी करून पेस्ट करा.' माझ्या मजकुराची कोणी नक्कल करू नये, हे सांगणारा मजकूर सगळ्यांनी एकमेकांकडून जसाच्या तसा उतरवून घेतला. मूळ लेखकाचं नाव कोणालाच ठाऊक नाही. मला त्या माणसाबद्दल बंधुभाव वाटला.

यंत्राला परवानगी विचारतंय कोण म्हणा. २०२५ च्या मार्चमध्ये सगळा ग्रुप यंत्राकडून आपापले फोटो रंगवून घेऊन एका रात्रीत जपानी झाला. हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या स्टुडिओ जिब्लीने वर्षानुवर्षं हाताने चितारून जो एक कोवळा रंग कमावला, त्यात सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांची स्कूटर आणि पाण्याची टाकी न्हाऊन निघाली. कुलकर्ण्यांना डोक्यावर केस आले. एका भाच्याला तीन हात आले. दोन्ही हातांनी जेवतो हे खरं, पण तिसरा जास्तच. शैलीवर कॉपीराइट नसतो, असं कायदा म्हणतो, आणि ते एका परीने बरंच आहे. नाहीतर मराठीत विनोदी लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांना पु.लं.ना महिन्याला भाडं द्यावं लागलं असतं. यंत्रांनी सगळ्यांचं सगळं वाचून काढलंय. वाचलेलं शिकण्यासाठी वापरणं म्हणजे चोरी का, हे भांडण कोर्टात आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर नोव्हेंबर २०२४ मध्ये दावा लावला तोही दिल्ली उच्च न्यायालयातच. झकास आणि भिडूच्या शेजारीच कुठेतरी त्या फायली असतील.

मीही एका अशा यंत्राला विचारून पाहिलं: भाजीवालीच्या बोलक्या डब्यावरचा लेख कोणाचा? त्याने विचार करायला अर्धा सेकंदही घेतला नाही. तो पु. ल. देशपांडे यांचा असून त्यांच्या सूक्ष्म निरीक्षणशक्तीचं उत्तम उदाहरण आहे, म्हणालं. मी सांगितलं, पु. ल. २००० साली गेले. यंत्राने नम्रपणे माफी मागितली, माझं म्हणणं अगदी बरोबर असल्याचं सांगितलं आणि लेख व. पुं.ना देऊन टाकला. जगातली सगळी ग्रंथालयं पचवूनही त्याचा घास शेवटी सांगलीच्या भिशीतूनच आला होता की काय?

मी फ्रिजवरचा तो दिवाळी अंक मावशीला काढायला लावला. पान सांगितलं. व्हिडिओ कॉलवर तिने चष्मा लावून आधी लेख पाहिला, मग नाव पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, खरंच की रे! मी तुझ्यावर अन्याय केला, बाळू."

"जाऊ दे गं."

"नाही. भरून काढते."

आणि तिने भरून काढायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशीपासून तिच्याकडून जे जे पुढे गेलं त्याच्याखाली ठसठशीत अक्षरात माझं पूर्ण नाव, त्याखाली 'डोंबिवली', त्याखाली 'निवृत्त, बँक' आणि विश्वास बसावा म्हणून फोन नंबर. दुधीच्या रसाने मधुमेह मुळापासून कसा जातो, हे मी लिहिलंय. सूर्यातून येणारा ओंकार नासाने ऐकला, तो मीच प्रथम ऐकला होता असं दिसतं. सुखी संसाराचे अकरा नियम माझेच. ते वाचून बायको दोन दिवस बोलत नव्हती. इचलकरंजीहून एका गृहस्थांचा फोन आला, दुधी सालासकट किसायचा की साल काढून. मी म्हटलं, तो लेख माझा नाही. ते म्हणाले, साहेब, एवढा विनय बरा नव्हे, माझी साखर उतरलीये.

मी प्रत्येकाला खरं सांगत गेलो. बावीस जणांना सांगितलं, वहीत नोंद आहे.

परवा रात्री साडेआठला मिरजेहून फोन आला. आवाज वयस्क होता, शाळेत शिकवून झिजलेला. 'बाबांची सायकल' हा माझा लेख त्यांनी तीनदा वाचला म्हणाल्या. सीटवरचं ते फाटकं फडकं, पावसात डोक्यावर धरलेलं ते पोतं, आणि शेवटी भंगारवाल्याच्या गाडीवर चढताना आपोआप वाजलेली घंटी. त्या बोलत होत्या आणि मध्येच त्यांचा आवाज अडकला. "तुम्हीच ना ते? किती आतून लिहिलंय हो."

मी वही ओढली. तेविसावा आकडा घातला. पेन उघडं होतं.

"काय सांगू, बाई," मी म्हणालो, "बाबांची सायकल म्हटलं की हात आपोआप चालतो."

माझ्या बाबांना सायकल येत नव्हती.